एक रात्र, दोन दिवस आणि वसुली

हॉटेल झोपण्यासाठी असतं, ही समजूत थीम पार्काच्या हॉटेलात पाऊल टाकेपर्यंतच टिकते. खोपोलीजवळच्या इमॅजिकाचं हॉटेल घ्या किंवा फ्लोरिडातल्या डिस्ने वर्ल्डमधलं; तिथे उतरलेलं कुटुंब घरी झोपतं त्यापेक्षा कमी झोपतं, एरवी आठवडाभरात चालतं तेवढं दोन दिवसांत चालतं, आणि परतीच्या गाडीत सगळे एकजात माना टाकून असतात, चालवणारा सोडून; आणि त्याच्याबद्दलही खात्री देता येत नाही. घरी तिसऱ्या हाकेला उठणारे वडील तिथे पावणेसहाचा गजर लावतात. एरवी चहाबरोबर दोन खारी खाऊन ‘बास’ म्हणणारी आई न्याहारीला इडली, पोहे, ऑम्लेट आणि नाव विचारायची सोय नसलेला एक फ्रेंच पाव एकाच ताटात रचते. शाळेला निघताना ज्या मुलाच्या पोटात दुखतं, ते इथे ओठ निळे पडले तरी निथळत पुन्हा घसरगुंडीच्या रांगेत उभं राहतं. याला आपण सहल म्हणतो. हीच कामं एखाद्या मालकाने पगार देऊन करून घेतली असती, तर युनियनने दुसऱ्या दिवशी गेटवर सभा घेतली असती.

या वागण्याचं नेहमीचं स्पष्टीकरण तयारच असतं: मध्यमवर्गीय माणूस चिकट, दिलेला पैसा पिळून काढल्याशिवाय त्याला चैन पडत नाही. मला हे पटत नाही, कारण हेच कुटुंब गावच्या जत्रेत वेगळं वागतं. जत्रेत आकाशपाळण्याचे पैसे वेगळे, मौत का कुआंचे वेगळे, हसऱ्या आरशांचे वेगळे. तिथे आई सरळ सांगते, ‘मला गरगरतं, तुम्ही जा,’ आणि तिच्या तिकिटाचे पैसे वाचतात. जत्रेत घाबरणं हा फायद्याचा व्यवहार आहे. कंटाळा आला तर माणसं उसाचा रस पिऊन घरी जातात. कंटाळ्याचे कुणी पैसे लावत नाही. पाळण्यात चार वेळा बसलेला माणूस तिथे हौशी ठरतो, शहाणा नव्हे. मग त्याच आईला थीम पार्कात ‘पैसे भरलेत ना, मग बस आता’ असं बजावून, डोळे मिटवून, उलटंपालटं का केलं जातं? माणसं तीच, गरगरणंही तेच. बदलली आहे ती पैसे घेण्याची पद्धत.

ही पद्धत पहिल्यापासून अशी नव्हती. कॅलिफोर्नियातल्या ॲनाहाइमला १९५५ साली डिस्नेलँड उघडलं तेव्हा हिशोबाच्या दृष्टीने तीही जत्राच होती: आत शिरण्याचे वेगळे पैसे, प्रत्येक खेळाचे वेगळे. काही महिन्यांत त्यांनी कूपनांची पुस्तिका काढली. आधी ए, बी, सी, मग डी, आणि १९५९ साली सगळ्यात मोठ्या खेळांसाठी ई. ए कूपनावर घोडागाडीतून मिरवता येई, नाहीतर लाकडी घोड्यांच्या चक्रीत बसता येई. ई कूपनावर मॅटरहॉर्नच्या डोंगरावरून खाली कोसळता येई. साहजिकच ईची कूपनं आधी संपत आणि ए-बीची उरत. उरलेली कूपनं लोक घरी नेऊन ड्रॉवरमध्ये टाकत, पुढच्या खेपेला होतील म्हणून. १९८२ साली या पुस्तिका बंद झाल्या आणि एकच तिकीट आलं: दारात एकदा पैसे द्या, मग दिवसभर वाटेल त्यात वाटेल तितक्या वेळा बसा. आपल्याकडे गोराईच्या एस्सेलवर्ल्डने आणि पुढे इमॅजिकाने हीच सवय लावली. वरकरणी हे औदार्य आहे. पण जमाखर्चाच्या वहीत त्याने एक भयंकर उलटापालट केली. पूर्वी ज्या खेळात तुम्ही बसला नाहीत, त्याचे पैसे वाचत होते. आता ज्या खेळात तुम्ही बसला नाहीत, त्याचे पैसे बुडतात. ‘नको’ हा शब्द जमेच्या रकान्यातून उचलून खर्चाच्या रकान्यात टाकला गेला. भिणारी आई, चक्कर येणारे काका, भूक लागलेली मावशी ही सगळी माणसं एका रात्रीत तोट्यात गेली.

हे केवळ मराठी मनाचं दुखणं असतं तर लाजून गप्प बसता आलं असतं. पण हॅल आर्क्स आणि कॅथरीन ब्लूमर या दोघांनी १९८५ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. अमेरिकेतल्या ओहायो विद्यापीठाच्या नाट्यगृहात वर्षभराच्या नाटकांची तिकिटं घ्यायला आलेल्यांपैकी काहींना पूर्ण किमतीत तिकीट दिलं आणि काहींना, त्यांनी न मागता, सवलत दिली. पूर्ण पैसे मोजलेली मंडळी हंगामाच्या पहिल्या अर्ध्यात जास्त नाटकांना हजर राहिली. नाटकं तीच, खुर्च्या त्याच. फक्त खिशाला बसलेला चिमटा वेगळा. पुढच्या अर्ध्यात मात्र हा फरक उरला नाही, म्हणजे चिमटा हळूहळू बरा होतो. १९९८ साली जॉन गूरव्हिल आणि दिलीप सोमण यांनी याच बऱ्या होण्यावर संशोधन केलं (पैसे वसुलीच्या अभ्यासात एक सोमण असावेत, याने कुणाला धक्का बसू नये). सहामाही वर्गणी भरणारे लोक व्यायामशाळेत कधी येतात, हे त्यांनी पाहिलं. वर्गणी भरल्यावर लगेच गर्दी, मग ओहोटी, पुढची वर्गणी भरली की पुन्हा भरती. दंडाला स्नायू येतात ते वजनं उचलल्याने नाही, पावती फाडल्याने.

आता या दृष्टीने ‘एक रात्र, दोन दिवस’ हे पॅकेज पाहा. खिशाची जखम बरी व्हायला महिने लागतात. इथे कुटुंबाच्या हातात असतात जेमतेम तीस तास. शिवाय तीन महिने आधी आरक्षण करून जखमेवर खपली धरलीच, तर ती काढण्याची सोय जागोजागी आहे. लॉकरचं भाडं. पाण्यात उतरायला नायलॉनचाच पोशाख हवा म्हणून त्याचं भाडं. बाहेरचं खाणं आत नेता येत नाही म्हणून आतल्या सँडविचचे पैसे. पावती हातात पडली की वडिलांच्या पायांत नवं बळ येतं आणि ते म्हणतात, ‘चला, अजून दोन राईड होतील.’

इथवरचं दुखणं पार्काचं झालं. हॉटेल त्यात शिरलं की ते असाध्य होतं. वॉल्ट डिस्नेकडे १९५५ साली हॉटेल बांधायला पैसेच उरले नव्हते, म्हणून शेजारचं डिस्नेलँड हॉटेल जॅक रॅदर या टीव्ही निर्मात्याने बांधलं. आजूबाजूला मोटेलं उगवली, आणि डिस्नेच्या उंदरामागे आलेल्या माणसांनी रात्रीचे पैसे भलत्यांच्याच गल्ल्यात टाकले. डिस्नेच्या हे इतकं जिव्हारी लागलं की पुढे फ्लोरिडात त्याने दुसऱ्याच नावाच्या कंपन्या पुढे करून गुपचूप सुमारे २७,००० एकर जमीन घेतली, म्हणजे दृष्टीच्या टप्प्यात दुसऱ्याचा दिवा लागायला नको. १९७१ साली तिथलं पार्क उघडलं ते पहिल्या दिवसापासून हॉटेलं पोटात घेऊनच. त्यातल्या एकाच्या तर आतून मोनोरेल जाते, कुणाला खोलीत बसून पार्काचा विसर पडू नये म्हणून. आपल्या इमॅजिकाचा क्रमही बोलका आहे. २०१३ साली खेळांचं पार्क, २०१४ साली पाण्याचं, २०१५ साली हॉटेल. आधी दमवलं, मग भिजवलं, मग गादी दाखवली. त्यातूनही कुणी घरी जायला निघालंच, तर पुढच्या वर्षी बर्फाचं पार्क.

तर हॉटेल आलं आणि एका तिकिटाच्या जागी दोन मीटर सुरू झाले. पार्काचं तिकीट दिवसाचं, खोलीचं भाडं रात्रीचं. पण हॉटेलची रात्र दुपारी सुरू होते. दुपारी तीनला खोली ताब्यात, दुसऱ्या दिवशी अकराला रिकामी: हॉटेलच्या कॅलेंडरात दिवस वीस तासांचा असतो. ही वेळ पार्काच्या वेळेवर अशी नेमकी चढते की कुटुंब खोलीत असलं तर पार्काचे पैसे जातात आणि पार्कात असलं तर खोलीचे. दोन्हीकडे एकाच वेळी असायला देव तरी हवा, नाहीतर दोन नोकऱ्या करणारा माणूस. तीन वाजले की वडिलांच्या चेहऱ्यावर ही ओढाताण दिसू लागते. रांगेत दोन वळणं राहिलेली असताना ते घड्याळ बघतात: खोली सुरू झाली असेल. मग ‘नुसती बघून येऊ’ म्हणून सगळे खोलीवर जातात. कार्ड लावताच दिवे लागतात, एसी सुरू होतो, पांढऱ्याशुभ्र गादीवर सगळे पाच मिनिटं आडवे होतात, आणि मग ते वाक्य येतं, जे जगातल्या दुसऱ्या कुठल्याही हॉटेलात वेड्यासारखं वाटलं असतं: ‘आपण इथे झोपायला आलोय का?’ यावर कुणाकडे उत्तर नसतं. कारण खोलीच्या पावतीनुसार हो, आणि तिकिटानुसार नाही.

फ्लोरिडाच्या मंडळींनी तर या कोंडीचंच आकर्षण केलं आहे. त्यांच्या हॉटेलात उतरलेल्यांना मिळणारा एक मोठा मान म्हणजे पार्कात इतरांच्या आधी तीस मिनिटं प्रवेश. म्हणजे जास्त भाडं भरल्याचं बक्षीस काय, तर तुम्हाला लवकर उठता येतं. गादी जितकी महाग, तितकी ती लवकर सोडायची. हाच मान आपल्या एखाद्या लॉजवाल्याने देऊ केला असता, ‘आमच्याकडे उतरा, आम्ही पहाटे उठवू,’ तर लोकांनी त्याला काय दिलं असतं ते सांगायला नको.

या सगळ्यात एकच व्यक्ती हॉटेलचा हॉटेल म्हणून उपयोग करते, ती म्हणजे आजी. गुडघ्यांमुळे खेळांतून सुटका, नायलॉनच्या अटीमुळे पाण्यातून सुटका. ती लॉबीत एसीखाली बसते, पाठवलं की खोलीवर जाते, चहाच्या किटलीत स्वतःच्या पुडीतला चहा करते, पांघरूण ओढून दोन तास शांत झोपते आणि उठून खिडकीतून डोंगर बघते. पावसाळ्यात त्या डोंगरावरून धबधबे पडत असतात आणि त्यांना तिकीट नसतं. भाड्याचा पूर्ण मोबदला घेतलेली सबंध मजल्यावरची ती एकटीच. आणि रात्रीच्या जेवणाला सगळं कुटुंब तिच्याकडे करुणेने पाहत म्हणतं, ‘आजीचं तिकीट मात्र फुकट गेलं.’

आता आक्षेप येणार. पहिला मुलांचा: हे सगळं मोठ्यांचं दुखणं, मुलांना कुठे हिशोब कळतो, ती निखळ आनंदात असतात. ज्यांनी असं म्हटलं त्यांनी परतीच्या गाडीतली चर्चा ऐकलेली नाही, किंवा तेव्हा ते झोपलेले होते. मुलांइतका कडक लेखापरीक्षक सापडणं कठीण. ‘नायट्रो रोलर कोस्टरमध्ये आपण एकदाच बसलो, आणि आई घाबरली म्हणून दुसऱ्यांदा गेलो नाही,’ ही नोंद दहावीपर्यंत जपली जाते. उंचीच्या पट्टीला दोन बोटं कमी पडलेलं धाकटं तर त्या दिवसापासून तिकिटाची भरपाई आइस्क्रीमच्या रूपाने वसूल करतं. वर्गातलं कोण कुठल्या राईडमध्ये किती वेळा बसलं, याचं कोष्टक तोंडपाठ असतं आणि त्यात आपला आकडा खाली असणं हे मुलांच्या लेखी वडिलांचं आर्थिक अपयश असतं. इतकं खरं की मुलांना हॉटेलात जे मनापासून आवडतं त्याचा तिकिटाशी संबंध नसतो: लिफ्टची बटणं, दाराचं कार्ड, दोन पलंगांच्या मधली उडी. पण तिथेही आईवडील म्हणतात, ‘उड्या मारायला एवढे पैसे भरले का?’ आणि मुलं शिकतात.

दुसरा आक्षेप श्रीमंतांचा. ज्याला पैशाची चिंता नाही तो तरी मजेत राहत असेल? त्याच्यासाठी रांग चुकवायचा पास असतो. डिस्नेने १९९९ साली असा पास काढला तेव्हा तो फुकट होता. २०२१ पासून त्याचे पैसे पडू लागले. फुकट होता तोवर त्याचा अर्थ एवढाच होता की थोडं थांबावं लागणार नाही. पैसे पडल्यावर अर्थ पालटला: रांगेत वाचलेल्या वेळात आणखी खेळ झाले नाहीत तर पास बुडाला. त्यामुळे साध्या तिकिटाचा माणूस निदान रांगेत तरी उभा राहून श्वास घेतो. पासवाला एका खेळातून उतरून दुसऱ्याकडे अक्षरशः पळत असतो. रांग ही त्या आवारातली एकमेव फुकटची विश्रांती होती, आणि ती त्याने पैसे देऊन सोडून दिलेली असते. पैसा वाढला की चिंता जात नाही, तिचा वेग वाढतो.

याच वसुलीचं सर्वात अवघड गणित न्यू जर्सीहून ऑर्लँडोच्या डिस्ने वर्ल्डला निघालेल्या मराठी कुटुंबाचं असतं, त्यातही पुण्याहून आईबाबा आलेले असताना. मुलाने डॉलरमध्ये कमावून डॉलरमध्ये भरलेलं तिकीट बाबा मनातल्या मनात रुपयांत उलगडतात. एका माणसाचं एका दिवसाचं तिकीट शंभर डॉलरच्या वर. ही रक्कम कळली की बाबांच्या चेहऱ्यावरचं हसू दुसऱ्या दिवसापर्यंत परतत नाही. मग ते ठरवतात की मुलाचे पैसे वाया जाऊ द्यायचे नाहीत, आणि ज्या माणसाने हयातीत जायंट व्हीलमध्ये पाय ठेवला नाही तो सत्तरीत अंधारातल्या रोलर कोस्टरमध्ये छातीवर दांडा घेऊन बसतो. इकडे मुलाला वाटतं, बाबा किती एन्जॉय करताहेत. म्हणून तो दुसऱ्या दिवसाचंही तिकीट काढतो. मायेपोटी एकमेकांचा असा छळ जगात क्वचितच होत असेल.

तिसरा आक्षेप मात्र दमदार आहे आणि तो मी मान्य करतो. इतका त्रास होत असेल तर लोक पुन्हा का जातात, आणि घरी आल्यावर इतक्या उत्साहाने का सांगतात? उत्तर असं की वसुली ही मजेच्या आड येत नाही, ती स्वतःच तिथली मजा आहे. घरी आल्यावर वर्णन होतं ते खेळाचं नाही. ‘उलटं होताना वाटलं काय’ हे दोन वाक्यांत संपतं. खरी कथा असते ती अशी: आम्ही दार उघडायच्या आधी पोचलो, सगळे डावीकडे गेले तेव्हा आम्ही उजवीकडे वळलो, चाळीस मिनिटांची रांग आम्हाला दहा मिनिटांत पडली, न्याहारी अशी केली की दुपारचं जेवण लागलंच नाही, आणि अकराला खोली सोडून सामान हॉटेलच्याच सामानघरात ठेवलं, फुकट, चार वाजेपर्यंत. यातला प्रत्येक प्रसंग एका अदृश्य प्रतिस्पर्ध्यावरचा विजय आहे. पार्कातल्या खेळांचा निकाल आधीच ठरलेला असतो: गाडी वर जाणार, खाली येणार, त्याच जागी थांबणार. हॉटेलविरुद्धचा सामना मात्र खरा असतो, अटीतटीचा असतो, आणि त्यात संपूर्ण कुटुंब एका बाजूने लढतं, जे एरवी लग्नकार्यातही दिसत नाही. त्या अर्थाने हॉटेल हीच तिथली सगळ्यात मोठी राईड आहे, आणि तिला उंचीची पट्टी नाही.

हे पटत नसेल तर उलट प्रयोग करून पाहावा. समजा, उद्या एखाद्या हॉटेलने जुनी पुस्तिका परत आणली. भाडं नाही, पॅकेज नाही. प्रत्येक गोष्टीचं कूपन. ए कूपनावर लिफ्ट, बीवर किटली, सीवर पोहण्याचा तलाव, डीवर न्याहारी, आणि सर्वात महाग ई कूपनावर सलग आठ तास झोप. कुटुंब त्या हॉटेलात पहिल्यांदाच शांतपणे वागेल. वडील गजर लावणार नाहीत, आई पोह्यांवर थांबेल, मुलं ए कूपनं दहा मिनिटांत संपवून जिन्याने वरखाली करतील. आणि अर्थातच पुढच्या वर्षी तिथे कुणी जाणार नाही, कारण जिंकण्यासारखं काही उरणार नाही. पुस्तिकेतली ई कूपनं मात्र बहुतेक घरांत कोरीच राहतील, पुढच्या खेपेला होतील म्हणून कपाटाच्या ड्रॉवरमध्ये पडतील. आजीची सोडून. तिने आपली पहिल्याच दुपारी वापरलेली असतील, आणि ड्रॉवरमधली कुणाची आहेत याची चौकशी सुरू केलेली असेल.